शर्यतीची अँब्युलन्स कुठून आली, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: एखाद्या देशात लोक रस्त्यावर उतरलेले असताना, अश्रुधूर आणि धरपकड चालू असताना तिथे आंतरराष्ट्रीय मोटर शर्यत भरवावी का? त्याला जोडून तुम्ही म्हणता की बहारीनमध्ये २०१२ साली एवढा गदारोळ होऊनही फॉर्म्युला वनची शर्यत पार पडली, एकाही ड्रायव्हरला खरचटलं नाही, मग 'रद्द करा' म्हणणाऱ्यांचं नेमकं काय दुखत होतं?

मी नाशिकचा. पोटापाण्याला गॅरेज, आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मोटर रॅलीच्या कामात. सुरुवात शिट्टी आणि झेंडा घेऊन वळणावर उभ्या राहणाऱ्या मार्शलपासून केली, पुढे स्टेज, म्हणजे रॅलीतला वेगाने गाडी पळवायचा बंद रस्त्याचा टप्पा, सांभाळली, आता बरीच वर्षं सुरक्षेचा आराखडा करणं हे माझ्याकडे असतं. म्हणजे फॉर्म्युला वनच्या मानाने मी फारच खालच्या पायरीवरचा माणूस. पण गाडी भिंतीवर आदळली की पुढच्या तीन मिनिटांत काय व्हायला हवं, ते सगळ्या पायऱ्यांवर सारखंच असतं. त्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

'काहीच झालं नाही' हा मुद्दा आधी घेतो, कारण गोम तिथेच आहे. तुम्ही धरून चाललात की शर्यत भरवावी की नाही, हे ड्रायव्हर, टीम आणि प्रेक्षक सुरक्षित आहेत का यावरून ठरतं. २०१२ साली टीव्हीवरची चर्चासुद्धा तेवढ्यापुरतीच चालली होती. पण पैसा आणि पोलीस ओतले की कुठलंही सर्किट तीन दिवस सुरक्षित करता येतं. बहारीनची शर्यत जिथे होते ते साखिरचं सर्किट तर राजधानी मनामापासून साधारण ३० किलोमीटरवर वाळवंटात आहे. आजूबाजूला वस्ती नाही, आडोसा नाही, शहरातून येणारा मोठा रस्ता राखला की काम झालं. असली जागा राखायला मला सांगितलं तर मी हसत राखेन. आमच्याकडे चौदा किलोमीटरच्या स्टेजला बावीस पायवाटा, सहा वस्त्या आणि मोजता येणार नाहीत इतक्या शेळ्या येऊन मिळतात. 'सर्किट सुरक्षित आहे का?' याचं उत्तर नेहमी 'हो'च येणार. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, त्याच्यावर निर्णय बेतून उपयोग नाही.

मग काय विचारायचं, ते मला एका सकाळी कळलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात एक रॅली होती. कांद्याचे भाव पडलेले, बाजार समितीसमोर चार दिवस आंदोलन चाललेलं. आमची स्टेज तिथून बरीच लांब, डोंगराच्या पलीकडे. आदल्या संध्याकाळी लाठीमार झाला. पहाटे साडेचारला मी मार्शलना त्यांच्या जागी सोडत होतो आणि नियमाप्रमाणे आराखड्यात नाव लिहिलेल्या ग्रामीण रुग्णालयात एकदा डोकावलो. स्टेजवर कोणाला जबर लागलं तर नाशिकला हलवण्याआधी इथे आणायचं, असं कागदावर होतं. आत खाटा भरलेल्या. दोघं-तिघं जमिनीवर सतरंजी टाकून. डॉक्टर रात्रभर जागे. मी ओळख सांगितली तर ते म्हणाले, "दादा, तुमच्या गाड्या तुम्ही हौसेने पळवणार. माझ्याकडे एकच भूलतज्ज्ञ आहे आणि तो आत आहे. दुपारपर्यंत तुमचं इथे कोणी आणू नका."

आमच्याकडे भाड्याच्या दोन अँब्युलन्स होत्या, फायर टेंडर होता, स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासत जाणारी झीरो कार निघायच्या तयारीत होती. स्टेजवर एक टायर जळत नव्हता की एक माणूस घोषणा देत नव्हता. तरी क्लार्क ऑफ द कोर्सला, म्हणजे रॅलीच्या मुख्य अधिकाऱ्याला, फोन करून मी ती स्टेज रद्द करायला लावली. ड्रायव्हर मंडळी भयंकर चिडली. एकाने मला तोंडावर विचारलं, "रस्ता मोकळा आहे ना, मग तुमचं काय दुखतंय?" हुबेहूब तुमचाच प्रश्न.

शर्यत हवेत होत नाही. तिला डॉक्टर लागतात, अँब्युलन्स लागतात, पोलीस लागतात, रुग्णालयातली राखीव खाट लागते, आणि हे सगळं ज्या गावात शर्यत आहे त्या गावाकडून उसनं घेतलेलं असतं. गाव सुखात असेल तर ते आनंदाने देतं. गावावर वेळ आलेली असताना हे उसनं घेणं म्हणजे कोणाच्या तरी उशाची चादर ओढणं.

आता बहारीनकडे या. २००४ साली तिथे पहिली ग्रां प्री झाली, मध्यपूर्वेतली पहिलीच. शूमाकर जिंकला. छोट्या देशाने मोठा खर्च करून जगाच्या नकाशावर स्वतःचं नाव ठळक केलं, आणि आयोजनात ही मंडळी चोख आहेत, हे आमच्या धंद्यातलं कोणीही मान्य करेल. १४ फेब्रुवारी २०११ ला आंदोलन सुरू झालं. राजघराणं सुन्नी, प्रजेत शिया बहुसंख्य, नोकऱ्या आणि सत्तेतल्या वाट्यावरून जुनी खदखद, आणि ट्युनिशिया-इजिप्तमधल्या उठावांचा ताजा वारा. मनामाच्या मोती चौकात लोकांनी तंबू ठोकले. १७ फेब्रुवारीच्या पहाटे पोलिसांनी झोपलेल्या लोकांवर चाल केली, चौघांचा जीव गेला.

त्याच दिवशी साखिरला जीपी-टू एशिया या धाकट्या मालिकेचा सराव होता. तो झाला नाही. कारण राजकीय निषेध नव्हता. सर्किटवर नेमलेल्या वैद्यकीय लोकांची शहरातल्या रुग्णालयांत गरज होती, ते तिकडे गेले. डॉक्टर नाहीत, तर गाडी ट्रॅकवर जात नाही. पुढे ती अख्खी फेरी रद्द झाली. फॉर्म्युला वनचा हंगाम १३ मार्चला तिथूनच सुरू व्हायचा होता. २१ फेब्रुवारीला युवराज सलमान यांनी स्वतःच ती शर्यत मागे घेतली. त्या वेळी ते मला शहाणपणाचं वाटलं आणि आजही वाटतं.

हा डॉक्टरांचा नियम आमच्या खेळात किती कडक आहे, याचं एक उदाहरण देतो. २०१७ साली शांघायमध्ये शुक्रवारी गाड्या गॅरेजमध्ये नुसत्या बसून राहिल्या. पहिल्या सरावात जेमतेम काही मिनिटं पळाल्या, दुसऱ्यात तेवढ्याही नाहीत. ट्रॅक ठीक होता. पण शहरातल्या रुग्णालयापाशी धुरकटपणामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. म्हणजे रुग्णालयावरच्या ढगाला मान देणारा हा खेळ. मग त्याच रुग्णालयात माणसं कोणत्या अवस्थेत पडली आहेत, याची दखल घेणं त्याला अवघड का जावं?

आणि २०१२ मध्ये दखल घेण्यासारखं भरपूर होतं. २०११ च्या मार्चमध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली आखाती देशांचं सैन्य बहारीनमध्ये आलं, आणीबाणी लागली, मोती चौकातलं स्मारकच पाडून टाकलं. सलमानिया हे तिथलं मोठं सरकारी रुग्णालय सुरक्षा दलांनी ताब्यात घेतलं. जखमी आंदोलकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना पकडलं. सप्टेंबरमध्ये वीस वैद्यकीय कर्मचाऱ्यांना विशेष न्यायालयाने ५ ते १५ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. पुढे जून २०१२ मध्ये अपिलात त्यांतले नऊ जण सुटले, बऱ्याच जणांच्या शिक्षा कमी झाल्या. पण एप्रिलमध्ये शर्यत झाली तेव्हा त्यांचा निकाल लागायचा होता. पकडले जाऊ म्हणून जखमी माणसं दवाखान्यात जायला घाबरतात, हे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने २०११ मध्येच सांगितलं होतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर येतो तो आमचा मेडिकल चीफ. स्टेजवर गाडी उलटली तर आतला माणूस कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हे तो बघत नाही. आधी मान धरतो. आमचा सगळा डोलारा त्या एका सवयीवर उभा आहे. ज्या देशात ती सवय पाळल्याबद्दल डॉक्टर खटल्याला उभे आहेत, तिथे मी सुरक्षेचा आराखडा कोणत्या तोंडाने लिहू? जखमी ड्रायव्हरसाठी हेलिकॉप्टर सज्ज, आणि तिथून काही किलोमीटरवर छर्रे लागलेला पोरगा घरातच टॉवेल बांधून बसलेला. २०१२ ची शर्यत व्हायला नको होती असं मी म्हणतो, त्याचं पहिलं कारण हे. टीमच्या जिवाला धोका होता म्हणून नव्हे.

तोही अगदीच नव्हता असं नाही. १८ एप्रिलला सर्किटवरून मनामाला परतताना फोर्स इंडियाच्या चार जणांची गाडी आंदोलक आणि पोलीस यांच्यात अडकली, जवळच पेट्रोल बॉम्ब फुटला. त्यांच्यावर नेम धरून नव्हता, कोणाला इजाही झाली नाही. टीममधले दोघं मायदेशी परतले. शुक्रवारी या टीमने दुसरा सराव सोडला, कारण अंधार पडायच्या आत लोकांना हॉटेलवर पोचवायचं होतं. आपला तिरंगी रंग मिरवणारी टीम म्हणून मी डोळे लावून बसलो होतो. शनिवारच्या पात्रता फेरीत त्यांच्या गाड्या टीव्हीवर जवळपास दिसल्याच नाहीत, सराव सोडल्याची ही शिक्षा आहे का, अशी बरीच कुजबुज झाली. त्याच शनिवारी शाखुरा गावात एका छपरावर एका आंदोलकाचा मृतदेह सापडला. रविवारी व्हेटेल जिंकला, रायकोनेन दुसरा, फोर्स इंडियाचा डी रेस्टा सहावा. 'काहीच झालं नाही' ते असं.

दुसरं कारण 'खेळात राजकारण नको' या वाक्याशी जोडलेलं आहे. हे वाक्य मला मनापासून पटतं. म्हणूनच २०१२ चं पोस्टर मला खटकतं. आयोजकांनी इंग्रजी 'युनिफाइड' शब्दात एफ-वन गुंफून घोषवाक्य केलं होतं, त्याखाली 'एक राष्ट्र, एक उत्सव' अशा अर्थाची ओळ. देश दुभंगलेला असताना 'आम्ही एक आहोत' हे सांगण्यासाठी शर्यत वापरली की ती शर्यत एका बाजूची झाली. राजकारण आंदोलकांनी आणलं नाही, ते यजमानाने तिकिटावर छापून दिलं. एरवी मी यजमानाच्या जाहिरातबाजीकडे फार लक्ष देत नाही. प्रत्येक सरकार शर्यत मिरवतं, आपल्याकडेही मंत्री झेंडा दाखवायला येतात आणि भाषण लांबवून आमची वेळ चुकवतात. ते चालायचंच. पण वादाचा मुद्दाच 'देशात सगळं ठीक आहे की नाही' हा असेल, आणि शर्यत म्हणजे 'ठीक आहे'चा पुरावा म्हणून दाखवली जाणार असेल, तर ती भरवणं हे एका बाजूला मत देणं आहे.

हे नवं नाही. १९५८ साली क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता याने हवानात क्यूबन ग्रां प्री भरवली, तेव्हा त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या कास्त्रोच्या लोकांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी फांजिओला, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या ड्रायव्हरला, हॉटेलातून उचलून नेलं. उद्देश त्याला इजा करण्याचा नव्हता, सरकारची नाचक्की करण्याचा होता. सरकारने हट्टाने शर्यत घेतली. एक गाडी गर्दीत घुसली, माणसं मेली, शर्यत थांबवावी लागली. फांजिओला साधारण २९ तासांनी सोडून दिलं. वळणावर उभा असलेला तो प्रेक्षक ना बातिस्ताचा होता ना कास्त्रोचा.

किंवा १९८५ चं कियालामी घ्या. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत त्या जुलैमध्ये आणीबाणी लागली होती, ऑक्टोबरमध्ये शर्यत. लिजिए आणि रेनॉ या फ्रेंच टीम गेल्या नाहीत. काही प्रायोजकांनी गाडीवरून नावं काढून घेतली. शर्यत झाली, मॅन्सेल जिंकला, आणि मग १९९२ पर्यंत फॉर्म्युला वन तिथे परतलं नाही. 'खेळ वेगळा, राजकारण वेगळं' हे तेव्हाही ऐकवलं गेलं होतंच.

आता 'नाही' म्हणायचं कोणी? हा भाग फार बोलला जात नाही, पण निर्णय इथेच अडकतात. २०१२ च्या एप्रिलमध्ये टीम म्हणायच्या, ठरवणं एफआयएच्या, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, हातात. फॉर्म्युला वनचा व्यवहार चालवणारे एक्लेस्टन म्हणायचे, माझ्या हातात काही नाही, तिथल्या राष्ट्रीय संघटनेने सांगावं. राष्ट्रीय संघटना यजमानाच्याच घरातली. चीनच्या शर्यतीच्या शुक्रवारी, १३ एप्रिलला, एफआयएने शर्यत होणार म्हणून जाहीर केलं. ही निव्वळ टोलवाटोलवी होती, आणि तिच्यामागे साधा हिशेब होता: जो पहिल्यांदा 'नाही' म्हणेल त्याच्या नावावर बिल. यजमान वर्षाला जे शुल्क देतो त्याचे बातम्यांतले आकडे चार कोटी डॉलरच्या घरात असायचे. वर बहारीनच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा मॅक्लारेन या टीमच्या कंपनीत मोठा हिस्सा. माझ्या छोट्या रॅलीत एक स्टेज कापली तर प्रायोजक आठवडाभर माझा फोन घेत नाही. तिथलं दडपण किती असेल, याचा मला अंदाज येतो, म्हणून मी त्या लोकांना सरसकट भित्रे म्हणत नाही.

या खेळखंडोब्याची झळ मला स्वतःला लागली होती, ती गंमत सांगतो. ३ जून २०११ ला एफआयएने बार्सिलोनात ठरवलं की रद्द झालेली बहारीनची शर्यत ३० ऑक्टोबरला घ्यायची. ३० ऑक्टोबर ही आपल्या ग्रेटर नोएडातल्या पहिल्या भारतीय ग्रां प्रीची तारीख! आपली शर्यत डिसेंबरात ढकलली. मी तिथे मार्शल म्हणून जाणार होतो. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २८ ला भाऊबीज, आणि २८ लाच पहिला सराव. तारीख बदलल्यावर माझ्या बहिणीने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आठवडाभरात सगळं फिरलं. एफआयएचा जो माणूस पाहणी करून आला, त्याच्या अहवालावर मानवाधिकारवाल्यांनी सडकून टीका केली. टीमनी लेखी विरोध केला. एफआयएचे माजी अध्यक्ष मोस्ली यांनी नियमावर बोट ठेवलं की हंगाम सुरू झाल्यावर तारखा बदलायला सगळ्या टीमची संमती लागते. मार्क वेबर हा ड्रायव्हर तर फेब्रुवारीपासून उघड बोलत होता. शेवटी बहारीननेच माघार घेतली आणि माझी भाऊबीज पुन्हा बुडाली.

म्हणजे २०११ मध्ये 'नाही' म्हणता आलं ते कोणाच्या तत्त्वनिष्ठेमुळे कमी आणि कॅलेंडरच्या अडचणीमुळे जास्त. पुढच्या वर्षी ती अडचण नव्हती.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. २०११ च्या धरपकडीत सर्किटवर काम करणाऱ्या कित्येक कर्मचाऱ्यांना पकडलं गेलं, त्यांतल्या काहींनी नंतर मारहाणीच्या तक्रारी सांगितल्या. आमच्यासारखीच माणसं ही. पास तपासणारी, टायरच्या भिंती बांधणारी. जगभरचे मार्शल एकमेकांना भाऊ मानतात, निदान तसं म्हणतात. त्या वेळी आमच्यापैकी कोणी फारसं काही बोललं नाही. मीही नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. युवराजांचं म्हणणं होतं की रद्द केल्याने फक्त अतिरेकी गटांचं बळ वाढेल. ते तिथल्या सत्तेत सुधारणेच्या बाजूचे मानले जात, त्यामुळे हे बोलणं अगदीच थोतांड म्हणून उडवता येत नाही. राजानेच नेमलेल्या बसिऊनी आयोगाने नोव्हेंबर २०११ मध्ये पोलिसांच्या अत्याचारांची आणि कोठडीतल्या छळाची कबुली देणारा अहवाल दिला होता, आणि त्यावर काम चालू आहे असं सरकार सांगत होतं. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, दुकानदार यांना शर्यत हवी होती. त्यांत केरळपासून महाराष्ट्रापर्यंतचे आपले लोकही आले. आखातात पोट भरणाऱ्याला तीन दिवसांच्या गर्दीची किंमत विचारा.

आणखी एक युक्तिवाद मी बराच काळ मानत होतो: शर्यत झाली म्हणून तर जगाचं लक्ष गेलं. यात तथ्य आहे. फेब्रुवारीपासून उपोषणाला बसलेले बहारीनी मानवाधिकार कार्यकर्ते अब्दुलहादी अल-ख्वाजा यांचं नाव मी स्वतः पहिल्यांदा शर्यतीच्या बातम्यांतच वाचलं. पण कॅमेरे कोणाचे आले ते बघा. क्रीडा पत्रकारांना व्हिसा मिळाला, राजकीय बातमीदारांपैकी अनेकांना नाकारला. एका ब्रिटिश वाहिनीच्या लोकांना शर्यतीच्या दिवशी पकडून देशाबाहेर काढलं. टायरच्या रबरावर लिहिणारी माणसं बिचारी गावांत जाऊन अश्रुधुरावर लिहीत होती. लक्ष गेलं, ते यजमानाच्या इच्छेविरुद्ध. आणि ते लक्ष तीन दिवसांनी पुढच्या देशात गेलं. मागे राहिलेल्यांची किंमत पुढेही चालू राहिली: २०१७ साली एका महिलेला अटक झाली, तिला सुनावलेल्या शिक्षेच्या निकालात शर्यतीवर टीका करणाऱ्या फेसबुक पोस्टचा उल्लेख होता. ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुटली. म्हणजे लक्ष वेधलं जातं हे खरं, पण वेधणाऱ्याला पुढे कोण सांभाळतं?

कोणी म्हणेल, मग असे नियम लावले तर शर्यत भरवायला देशच उरायचे नाहीत. हे मला मान्य आहे, म्हणून मी 'अशांतता असेल तर नको' असं सरसकट म्हणत नाही. मोर्चे, बंद, निवडणुकीची धुमश्चक्री हे जिवंत देशाचं लक्षण आहे. त्यासाठी शर्यत थांबवायची तर आपल्याकडे एकही रॅली होणार नाही. परिस्थिती बघावी लागते. फरक कुठे पडतो? शर्यतीला विरोध करणारा माणूस सर्किटच्या दाराबाहेर फलक घेऊन उभा राहू शकतो का, आणि संध्याकाळी घरी पोचतो का? पोचत असेल तर शर्यत घ्या, त्याला घोषणा देऊ द्या. पोचत नसेल तर तुमच्या सुरक्षेच्या बंदोबस्ताचा खरा अर्थ वेगळा आहे.

युद्धाची गोष्ट तर निराळीच. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर सोचीची शर्यत एका दिवसात बाद झाली, ३ मार्चला करारच मोडला. व्हेटेलने आपण जाणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. त्यानंतर जेमतेम महिनाभरात सौदीतल्या जेद्दाला सराव चालू असताना साधारण १६ किलोमीटरवरच्या तेलाच्या डेपोवर येमेनमधल्या हुती बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं, धूर ट्रॅकवरून दिसत होता. ड्रायव्हर रात्री चार तासांहून जास्त बैठकीत बसले आणि रविवारी शर्यत झाली. एकीकडे इतका झटपट निर्णय, दुसरीकडे 'सर्किट सुरक्षित आहे'. तुम्हीच पडताळून बघा, निकष एकच होता का.

याउलट दोन निर्णय मला आमच्या धंद्याला शोभणारे वाटतात. २००७ च्या डिसेंबरात, डकार रॅली जिथून जायची त्या मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली, सैनिकही मारले गेले. ४ जानेवारी २००८ ला, लिस्बनहून निघायच्या आदल्या दिवशी, डकार रॅली रद्द झाली. शेकडो स्पर्धक गाड्या घेऊन उभे होते. आयोजकाचं काय झालं असेल, ते मी कल्पनेनेही सोसू शकत नाही. वाळवंटात स्टेज राखता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. आणि दुसरा २०२३ चा, इटलीतल्या इमोलाची शर्यत रद्द करण्याचा. तिथे राजकारण नव्हतं, पूर आला होता. सर्किट वापरता आलं असतं की नाही यावर वाद न घालता सांगितलं गेलं की स्थानिक यंत्रणेवर आणि बचावपथकांवर आणखी भार टाकणं बरोबर नाही. हीच ती ग्रामीण रुग्णालयातली खाट. पुराच्या बाबतीत जे चटकन कळतं, ते लाठीमाराच्या बाबतीत कळायला आम्हाला इतका वेळ का लागतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

तर थोडक्यात माझं उत्तर: २०११ ची माघार योग्य, २०१२ ची शर्यत अयोग्य. कारण जखमींवर उपचार करणारे डॉक्टर खटल्याला उभे होते, शर्यत एका बाजूचं पोस्टर झाली होती, आणि तिला 'नाही' म्हणणारा सुरक्षित नव्हता. तिन्ही एकाच वेळी नसतील तर मी इतकं ठामपणे बोलणार नाही. २०१५ मध्ये एका तक्रारीनंतर फॉर्म्युला वनने मानवाधिकारांचा मान राखण्याचं लेखी वचन दिलं. ते कागदावर असणं नसण्यापेक्षा बरं. लुईस हॅमिल्टन २०२० मध्ये छळ झाल्याचं सांगणाऱ्या बहारीनी लोकांची पत्रं वाचून बोलला, त्यालाही वजन आहे. २०२२ च्या अखेरीस मात्र एफआयएने ड्रायव्हरच्या राजकीय विधानांना पूर्वपरवानगीची अट घातली, ते मला उलट्या दिशेचं पाऊल वाटलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की मला २०१२ मध्ये मार्शल म्हणून बोलावलं असतं तर मी गेलो असतो का. खरं सांगायचं तर गेलो असतो. नोएडाचा कैफ उतरला नव्हता, आणि पहिल्या सरावात ट्रॅकवर कुत्रं घुसलं होतं त्या फजितीचा डाग धुवायला आम्ही भारतीय मार्शल कुठेही गेलो असतो. ग्रामीण रुग्णालयातली ती सकाळ त्यानंतर तीन वर्षांनी आली. आज बोलावलं तर आधी मेडिकल प्लॅनचं पान मागवेन, त्यावर कोणत्या रुग्णालयाचं नाव आहे ते बघेन आणि तिथे फोन लावून विचारेन, तुमच्याकडे आत्ता खाटेवर कोण आहे.